फाइल तशीच राहू द्या

प्रश्न: फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला दर वर्षी नाटक होतं. १९७६ साली इथंच झालेलं एक तीन अंकी नाटक यंदा पुन्हा करायचं ठरलंय. पणजीतल्या एका सरकारी कचेरीत फाइल हरवते आणि ती शोधता शोधता अख्खं ऑफिस उघडं पडतं, अशी गोष्ट आहे. लेखक गावचेच, सरकारी खात्यात कारकून होते. १९९१ मध्ये वारले. नाटक छापलं गेलं नाही. हाती एकच सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून काढलेली) प्रत आहे, ८४ फुलस्केप पानांची, आणि त्यातली ४१ ते ४६ ही पानं गायब आहेत. तरुण मुलं म्हणतात, फायलीऐवजी ई-मेल करू, टाइपरायटरऐवजी लॅपटॉप ठेवू, नाहीतर कोणाला काय कळणार? वडीलधारे म्हणतात, एक अक्षर हलवायचं नाही. हातात तीन महिने आहेत. काय करावं?
— मंडळाचा कार्यवाह

उत्तर:

नाटक कापावं लागेल, आणि बरंच कापावं लागेल. पण बदलू नका. कापणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याकडच्या वादात त्या एकत्र झाल्या आहेत.

फाइल हरवू शकते, कारण ती एकच असते. ती कोणाच्या तरी टेबलावरून कोणाच्या तरी हातानं उचललेली असते, आवक-जावक रजिस्टरात तिची नोंद असते, आणि ती नोंद कोणी केली नाही तर त्याचं नाव निघतं. तुमचा दुसरा अंक याच प्रश्नांवर उभा असणार. ई-मेल पाठवणाऱ्याकडेही राहतो आणि घेणाऱ्याकडेही, त्यामुळे शोधायला काही उरत नाही. मोबाइल आला की ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य जागच्या जागी मरतं. मुलांना हे पटवायचं असेल तर त्यांनाच पहिल्या अंकातला एक प्रवेश ई-मेलवर लिहून आणायला सांगा आणि तो सगळ्यांसमोर वाचा. प्रवेश दीड पानात संपेल, आणि पुढचे दोन अंक का घडतात हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रेक्षकाला टाइपरायटर ठाऊक नसला तरी काही बिघडत नाही. ही वस्तू या माणसाच्या जिवाची आहे, एवढं त्याला नटाच्या हातातून कळलं पाहिजे. तो हात कसा तयार करायचा ते पुढे सांगतो. आधी संहिता.

पहिल्याच आठवड्यात त्या प्रतीचं प्रत्येक पान उजेडात, पण थेट उन्हात नको, सपाट ठेवून फोटो काढून घ्या. गंजलेल्या पिना ओढू नका. मागून त्यांचे पाय सरळ करून हळू काढा, नाहीतर कोपऱ्यासकट कागद येईल. यापुढे मूळ प्रत तालमीत न्यायची नाही. मग गावात शोध घ्या, पण ‘नाटकाची प्रत आहे का?’ असं विचारू नका, ‘नक्कल आहे का?’ असं विचारा. सायक्लोस्टाइल प्रती मोजक्याच काढत, म्हणून छोट्या भूमिकांच्या नटांना फक्त त्यांची नक्कल उतरवून देत: आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द आणि त्याखाली आपलं भाषण. हे तीन-चार शब्द तुमच्या कामाचे आहेत. शिपायाच्या नकलेत सूचक म्हणून ‘…कपाटात पण नाही?’ असेल, तर ते वाक्य ज्याच्या नकलेत पूर्ण आहे त्याचा कागद त्याच्या आधी बसतो. चार नकला मिळाल्या तर सहा पानांचा बराचसा सांगाडा असा साखळीसारखा जोडता येतो. त्या वेळच्या प्रॉम्प्टरची प्रत सापडली तर फारच उत्तम. तिच्यात काय कापलं आणि कोण कुठून आलं हे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.

जे जुने नट हयात आहेत त्यांना वेगवेगळं भेटा आणि बोलणं रेकॉर्ड करा. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर दहा मिनिटांत ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते. आणि एक लक्षात असू द्या: माणसाला हशा मिळालेलं वाक्य आठवतं, त्याच्याआधीची दोन साधी वाक्यं आठवत नाहीत. त्यामुळे असं मिळालेलं साहित्य नुसत्या फटाक्यांसारखं दिसेल. सांधे तुम्हाला भरावे लागतील. ते भरताना कमीत कमी शब्द वापरा, आणि नव्या संहितेत असे भाग वेगळ्या शाईत ठेवा. लेखकाचं काय आणि आपलं काय हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. जिथं काहीच सापडत नाही तिथं संवाद रचण्यापेक्षा मूक प्रवेश करा. सगळं ऑफिस एक शब्द न बोलता फाइल शोधतंय, अशी दोन मिनिटं तुमच्या नाटकात सहज बसतील.

परवानगीबद्दल थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. तुमच्या बाबतीत २०५१ च्या अखेरपर्यंत. हौशी मंडळानं तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, आणि देवळातला फुकट प्रयोग तिच्यात बसतो. तरीही लेखी परवानगी घ्याच. एक म्हणजे तुम्ही नाटक कापणार आहात, आणि कलाकृतीची मोडतोड झाली अशी तक्रार करायचा हक्क वारसांना आहे. दुसरं म्हणजे प्रयोग चांगला झाला तर तुम्हाला तो फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा स्पर्धेत न्यावासा वाटेल, आणि तिथं ही सूट पुरणार नाही. एका मुलाची सही पुरे मानू नका. पत्नी हयात असतील तर त्यांची आणि सगळ्या मुलांची घ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीही. पत्रात ‘संक्षेप करण्यास आणि गहाळ भाग जुळवण्यास संमती’ हे शब्द असू द्या. त्याच भेटीत लेखकाचे कागद बघायला मागा. हरवलेली सहा पानं कदाचित त्याच ट्रंकेत असतील.

आता कापणं. टाइप केलेल्या एका फुलस्केप पानाला रंगमंचावर सव्वादोन मिनिटं धरा. ८४ पानं म्हणजे तीन तासांच्या वर, मध्यंतरं वेगळी. १९७६ मध्ये पालखी आत गेल्यावर सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालत असे. आज उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणा-उत्सवासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. तुमच्या जत्रेचा दिवस त्यात येतो का हे आधी बघा आणि परवानगीचा अर्ज महिनाभर आधी द्या. दिवस येत असला तरी पालखी पावणेदहाला आत गेली तर हातात सव्वादोन तास उरतात, आणि पालखी वेळेवर येईल हे कोणी सांगावं? आमचं मत असं की नाटक जत्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ठेवा. ते जमत नसेल तर एकाच दहा मिनिटांच्या मध्यंतरासह दोन तासांत बसवा. म्हणजे पन्नास पानं. दर पाचातली दोन जाणार.

ती कुठून काढायची? जुन्या तीन अंकी नाटकात प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला मागचा सगळा मजकूर कोणीतरी कोणाला तरी पुन्हा सांगतो, कारण मध्यंतरात लोक चहाला गेलेले असत आणि उशिरा परतत. पहिली कात्री तिथं. दुसरी, पात्र येण्याआधी त्याची वाट बघणारं बोलणं. तिसरी, एकाच विनोदाची तिसरी आवृत्ती, दोन ठेवा. पण कात्री लावण्याआधी एक तक्ता करा: डाव्या बाजूला वस्तू (फाइल, कपाटाची किल्ली, हजेरीपट, व्हाउचर, साहेबांचा छत्रीसारखा एखादा ऐवज) आणि पुढे ती कोणत्या पानावर कोणाच्या हातात आहे. पहिल्या अंकातलं निरर्थक वाटणारं ‘किल्ली मी खणात ठेवली हं’ हे वाक्य कापलं जातं आणि तिसऱ्या अंकात किल्ली आकाशातून पडते. ऑफिसच्या नाटकात हीच चूक सर्वांत जास्त होते. आणि शिपायाला हात लावू नका. त्याची वाक्यं बिनमहत्त्वाची दिसतात, पण सगळ्या टेबलांवर जाणारा तो एकटाच आहे.

पगाराचे आकडेही तसेच ठेवा. तिसऱ्या वेतन आयोगानुसार लोअर डिव्हिजन क्लार्कची श्रेणी २६०-४०० होती, अप्पर डिव्हिजनची ३३०-५६०. संहितेत ‘बेसिक दोनशेसाठ’ असेल तर आजचा प्रेक्षक नको तिथं हसेल, हे खरं. त्यावर उपाय आकडा बदलणं नाही, कारण मग उसने घेतलेले वीस रुपये, सिनेमाचं तिकीट, चहाची उधारी, सगळंच बदलावं लागतं. उपाय असा: पगाराच्या प्रवेशात कारकून नोटा मोजतो तेव्हा खरोखर मोजू द्या. बोट ओलं करून, दोनदा, आणि मग घरभाडं वेगळं, वाण्याचं वेगळं, अशा छोट्या घड्या घालून वेगवेगळ्या खिशात. पंधरा सेकंदांत २६० रुपये किती होतात ते शेवटच्या रांगेला कळतं.

काळाचं भान इथंही लागेल. १९७६ म्हणजे आणीबाणी. ती २५ जून १९७५ ला लागली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. ‘लेट मार्क’चा विनोद तेव्हा लोक दाराकडे एक नजर टाकून करत. तुमच्या नटांनी तो नुसता चेष्टेत उडवला तर प्रवेश सपक होईल. गोवा तेव्हा दमण आणि दीवसह केंद्रशासित होता, राज्य झालं ३० मे १९८७ ला. तेव्हा पाटीवर आणि पत्रांच्या मथळ्यावर ‘गोवा, दमण आणि दीव’ हवं. भिंतीवर कॅलेंडर लागणार असेल तर कोणाकडे २००४ चं पडून आहे का बघा. त्यातले वार आणि तारखा १९७६ शी तंतोतंत जुळतात, फक्त सालावर पट्टी चिकटवायची. कपड्यांवर फार खर्च करू नका. मोठ्या कॉलरचे टेरिकॉटचे शर्ट, रुंद पायाच्या दोन पँटी आणि शिपायाची खाकी एवढ्यानं काम होतं.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसचं नाटक पडतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणानं: माणसं टेबलामागे बसून आपल्या वाक्याची वाट बघतात. बोलणारे दोघं जिवंत आणि बाकीचे पाच फोटोसारखे. म्हणून तालमीचे पहिले बारा-पंधरा दिवस पाठांतर लावू नका, काम शिकवा. तुमच्या गावात निवृत्त झालेला एखादा डिस्पॅच क्लार्क नक्की असेल, त्याला बोलवा. टपाल फोडणं, तारखेचा शिक्का, नंबर घालणं, रजिस्टरात ओढणं, ट्रेमध्ये टाकणं, कार्बन घालून दोन कागद सरळ बसवणं, फायलीला टॅग ओवणं, हे प्रत्येक नटाला त्याच्या टेबलापुरतं झोपेत करता आलं पाहिजे. मग तीन दिवस संवादाशिवाय अख्खा पहिला अंक करा. फाइल फक्त हातांनी फिरेल. ती कुठं अडकते आणि का, हे ज्या दिवशी बघणाऱ्याला शब्दांशिवाय कळेल त्या दिवशी संवाद घाला.

त्यानंतर आवरायचं. एका वेळी आवाज करणारं काम एकाच टेबलावर. बाकीची मुकी कामं. हशाच्या वाक्यावर सगळे हात थांबतात, आणि हशा ओसरायला लागला की, संपल्यावर नव्हे, पुन्हा सुरू होतात. शिक्का हा तुमच्या नाटकातला तबला आहे. कोणत्या वाक्यानंतर तो पडतो हे दिग्दर्शकानं ठरवायचं, नटानं नव्हे. शाईचा पॅड प्रयोगाच्या सकाळी ओला करायला विसरू नका.

टाइपरायटर खरा हवा. गोदरेज किंवा रेमिंग्टन, इंग्रजी कळांचाच, कारण कचेरीचा बहुतेक पत्रव्यवहार तेव्हा इंग्रजीत चाले. गावात एखाद्याच्या माळ्यावर सापडेल, पण आपल्या खाऱ्या दमट हवेनं त्याच्या अक्षरांच्या काड्या अडकलेल्या असतील. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं, मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब, त्या काड्यांच्या फटी धुवा आणि कोरड्या करा. तिथं तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि आठवड्यात पुन्हा चिकटतं. तेल फक्त ज्या रुळांवरून कागद धरणारी गाडी सरकते तिथं, एकेक थेंब. यंत्राखाली अर्धा इंच जाड नमदा किंवा फोम ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका फळ्यांतून पुढच्या माइकमध्ये जातो आणि संवाद बुडतात. टंकलेखिकेला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलं तर यंत्रामागे तिचा चेहरा जातो. टेबल तिरकं ठेवा आणि बाकीच्यांपेक्षा तीन-चार इंच बुटकं.

ओळ संपताना वाजणारी घंटी हवी तिथं मिळवता येते. घंटी उजव्या मार्जिनच्या थोडी आधी वाजते. नेमकी कितव्या अक्षराला, ते तुमच्या यंत्रावर मोजून घ्या. नटीनं गाडी त्याच्या दोन अक्षरं आधी आणून हात थांबवायचा, वाक्य ऐकायचं, आणि क्षणावर दोन ठोके मारायचे. साहेबांच्या थापेवर ती घंटी वाजली की वेगळा विनोद लिहावा लागत नाही.

काळ्या फोनचीही अशीच युक्ती आहे. आवाज बाजूच्या स्पीकरमधून येऊ देऊ नका. टेबलाच्या खणात छोटा स्पीकर ठेवा. जुन्या घंटीची चाल दोन छोटे ठोके आणि मग दोन सेकंद शांतता अशी असते. नटानं रिसीव्हर त्या शांततेत उचलायचा. मग आवाज सोडणाऱ्या ऑपरेटरचं बोट अर्धा सेकंद उशिरा पडलं तरी कोणाला कळत नाही. खऱ्या फोनला वीज जोडून वाजवायचा प्रयत्न कोणी करू नये. त्याची घंटी घरगुती २३० व्होल्टसाठी केलेली नसते.

नेपथ्यात सगळ्यात आधी टेबलं बसवा. २४ फुटांच्या रंगमंचावर चारपेक्षा जास्त टेबलं नकोत. पाचवं आलं की शिपायाला चालायला वाट उरत नाही आणि मग फाइल फिरत नाही, ती फेकली जाते. टेबलांच्या पुढच्या फळ्या काढून टाका, पाय दिसले पाहिजेत. बैठ्या नाटकात अर्धा अभिनय तिथं आहे. मागे रद्दीतल्या वह्यांचे लाल फडक्यात बांधलेले बस्ते. पुढची रांग खरी, मागे खोके. हरवणारी फाइल बाकीच्या खाकी गठ्ठ्यात लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या कण्यावर दोन इंचांची लाल पट्टी लावा आणि तिच्या तीन प्रती करा. एक तालमीत फाटतेच. उघड्या मंडपात वारा येतो, म्हणून सुटा कागद कुठंच ठेवू नका. टेबलावरचे गठ्ठे दोऱ्यानं शिवा, पेपरवेट खरे ठेवा. पहाटेच्या दंवानं कागद लुळे पडतात, तेव्हा आदल्या रात्री प्रॉपर्टी (नाटकातल्या वस्तू) मंडपात सोडू नका.

प्रॉम्प्टरला विंगेत बसवलं तर टाइपरायटरमुळे ऐकू जाणार नाही. मागच्या कपाटाची पाठ काढा आणि त्याला आत बसवा. नट आपली वाक्यं कागदांत लिहून ठेवायचा मोह करतील, कारण टेबलावर कागदच कागद. जाग्यावरून न हलणाऱ्या रजिस्टरात हरकत नाही, पण फिरणाऱ्या फायलीत कधीच नाही. ती एकदा चुकीच्या टेबलावर गेली की तिघांची वाक्यं एकदम जातात.

दोन नाजूक जागा. टंकलेखिकेवरचे विनोद आज खुपतील. वाक्य काढण्याआधी एक करून बघा: हेडक्लार्क ते बोलतो तेव्हा ती टाइप करणं थांबवते, त्याच्याकडे पूर्ण बघते, आणि पुन्हा सुरू करते. हशा त्याच्यावर जातो. तीन तालमींत गेला नाही तर वाक्य काढा, त्यात लेखकाचा अपमान नाही. दुसरी जागा शिपायाची बोली. तो पेडण्याकडचा किंवा मालवणी बोलणारा असेल तर त्याची बोली त्या भागातल्या माणसाकडून बसवून घ्या. प्रेक्षकांत त्या गावचे जावई, सुना, सोयरे बसलेले असतात. खोटा हेल त्यांना पहिल्या वाक्याला कळतो.

प्रयोग झाल्यावर जुळवलेली पूर्ण संहिता, वेगळ्या शाईसकट, न कापता टाइप करून तीन प्रती काढा: एक वारसांना, एक मंडळाला, आणि एक पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात देण्यासाठी. सोबत परवानगीच्या पत्राची छायाप्रत आणि कापलेल्या पानांची यादी जोडा.